पैसे एका दुकानात, नोंद दुसऱ्याच्या वहीत

‘द सिम्स 3’ हा गेम जून 2009मध्ये आला आणि पुढच्या चार-साडेचार वर्षांत त्याच्यावर 11 एक्स्पान्शन पॅक आणि 9 स्टफ पॅक निघाले. परदेशवारी, नोकऱ्या, पाळीव प्राणी, ऋतू, कॉलेज, भुतंखेतं असं एकेक करून विकलं गेलं. हे वीस पॅक तीन वाटांनी लोकांच्या घरात शिरले: दुकानातल्या डिस्कमधून, स्टीममधून आणि ईए कंपनीच्या स्वतःच्या ओरिजिन या दुकानातून. हा गेम आजही खेळला जातो, त्यामुळे त्याच्याबद्दलचा एक प्रश्नही आजपर्यंत जिवंत आहे. मूळ गेम ओरिजिनवर घेतलेला आहे, स्टीमवर सेल लागलाय, तिथून पॅक घेतला तर चालेल का?

प्रश्न फक्त सिम्सचा नाही. पीसीवर स्टीम, एपिक, गॉग, मायक्रोसॉफ्ट, युबिसॉफ्ट, बॅटल डॉट नेट आणि कन्सोलवर सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो अशी दुकानं झाली आहेत. मूळ गेम कुठे कधी फुकट मिळतो, कधी पाव किमतीत मिळतो. एक्स्पान्शन मात्र क्वचितच फुकट मिळतं. त्यामुळे मूळ गेम एकीकडे आणि स्वस्तातलं एक्स्पान्शन दुसरीकडे अशी वेळ जवळजवळ प्रत्येक खेळणाऱ्यावर कधीतरी येते. बहुतेक वेळा उत्तर ‘चालणार नाही’ हेच असतं. पण ते का चालत नाही आणि कुठे चालतं, हे पाहिलं तर या व्यवहारात आपण नेमकं काय विकत घेतो ते कळतं.

सिम्स 3चं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. या गेमचा प्रत्येक पॅक विंडोजवर स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून बसतो. त्याचं फोल्डर वेगळं, रजिस्ट्रीतली नोंद वेगळी, सीरियल नंबर वेगळा. गेम सुरू होताना रजिस्ट्रीत डोकावतो आणि कोणकोणते पॅक बसलेत ते ठरवतो. वरवर बघता पॅक कुठून आणला याच्याशी त्याला काही देणंघेणं नसावं. पण मूळ गेम आणि सगळे पॅक एकाच पॅचवर असायला हवेत, आणि तिथे माशी शिंकते. डिस्कवाल्यांचा आणि स्टीमवाल्यांचा गेम 1.67 या पॅचवर थांबला. ओरिजिनवाल्यांना पुढे 1.69 मिळाला. मूळ गेम एका पॅचवर आणि पॅक दुसऱ्या पॅचवर असं झालं, की गेम उघडतच नाही किंवा उघडला तरी मध्येच कोसळतो. शिवाय स्टीम आपल्याकडचा पॅक स्टीमवरच्याच मूळ गेमवर बसवतं. शेजारच्या फोल्डरमध्ये तोच गेम दुसऱ्या दुकानातून आलेला आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

यातून सुटायची वाट खेळणाऱ्यांनीच शोधली आणि ती अगदी साधी आहे. स्टीमवर घेतलेल्या पॅकलाही ईएचाच सीरियल नंबर असतो आणि तो स्टीमच्या लायब्ररीत दिसतो. तो उचलायचा, ईएच्या खात्यात रिडीम करायचा आणि मग स्टीमवर विकत घेतलेला पॅक ईएच्या दुकानातून डाउनलोड करायचा. पैसे एकाला दिले, माल दुसऱ्याकडून घेतला, आणि तरी सगळं कायदेशीर. उलट दिशेला मात्र ही सोय नाही. ओरिजिनवरचा नंबर स्टीम घेत नाही. पुढे ॲपलने 2019मध्ये 32 बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि त्यानंतर मॅकसाठी सिम्स 3ची नवी 64 बिट आवृत्ती ईएने काढली, तेव्हाही ती ईएच्या खात्यातूनच मिळाली. ज्यांनी आपले नंबर वेळीच तिथे नोंदवून ठेवले होते, त्यांची सोय झाली. ओरिजिन स्वतः पुढे गेलंच. 2022मध्ये त्याच्या जागी ‘ईए ॲप’ आलं आणि एप्रिल 2025मध्ये विंडोजवरचं ओरिजिन कायमचं बंद झालं.

आता थोडं मागे जाऊ. एक्स्पान्शन डिस्कवर मिळायचं, तेव्हा हा प्रश्न नव्हता. ‘स्टारक्राफ्ट’चं ‘ब्रूड वॉर’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स’चं ‘राइज ऑफ रोम’ 1998मध्ये आलं, तेव्हा मूळ गेम कुठल्या दुकानातून आणला हे विचारायला कोणी नव्हतं. नवी डिस्क मूळ गेमचं फोल्डर शोधायची, त्यात आपल्या फायली टाकायची आणि काम संपायचं. 2003मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम सुरू केलं आणि नोव्हेंबर 2004मध्ये ‘हाफ-लाइफ 2’ स्टीमशिवाय चालणार नाही असं ठरवलं. लोक चिडले. पण गेमचा मालक कोण हे ठरवण्याचं काम तेव्हापासून डिस्ककडून सर्व्हरकडे गेलं ते गेलंच. एप्रिल 2006मध्ये बेथेस्डाने ‘ऑब्लिव्हियन’साठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, त्यावर भरपूर हसून झालं, आणि पुढच्या दहा वर्षांत सगळा धंदाच त्या वळणावर गेला.

या नव्या व्यवस्थेत एक्स्पान्शनचं रूपच पालटलं. ‘युरोपा युनिव्हर्सलिस 4’ घ्या. त्याचं 2018मधलं ‘धर्म’ हे एक्स्पान्शन भारतावर बेतलेलं आहे, आणि या गेममध्ये एखाद्या मराठी राज्याला हाताशी धरून मराठा सत्ता उभी करता येते, म्हणून आपल्याकडच्या इतिहासवेड्या मुलांत त्याला मान आहे. असे गेम अद्ययावत होताना नव्या एक्स्पान्शनचा बराचसा मजकूर सगळ्यांच्याच संगणकावर उतरतो, विकत घेतलेला असो वा नसो. कारण न घेतलेल्यांनाही घेतलेल्यांबरोबर एकाच सामन्यात बसता यावं लागतं. मग एक्स्पान्शन म्हणून विकलं जातं ते काय? परवानगी. गेम सुरू होताना दुकानाच्या प्रोग्रॅमला विचारतो, या खात्यावर अमुक क्रमांकाच्या एक्स्पान्शनची नोंद आहे का? हो आलं की कुलूप उघडतं. स्टीमवरचा गेम फक्त स्टीमला विचारतो, एपिकवरचा फक्त एपिकला. 2021मध्ये एपिकने हाच गेम आठवडाभर फुकट वाटला. ज्यांनी तो तिथून घेतला आणि ‘धर्म’ स्टीमच्या सेलमध्ये घेतलं, त्यांच्या संगणकावर दोन्ही गोष्टी असूनही गेमच्या लेखी एक्स्पान्शन नाहीच. खरेदीखत हातात आहे पण सातबाऱ्यावर नाव लागलेलं नाही, अशी ती अवस्था. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की या गेममध्ये चारजण मिळून खेळताना यजमानाकडे एक्स्पान्शन असलं की बाकीच्यांना त्या सामन्यापुरतं ते वापरता येतं.

एपिकच्या फुकट वाटपाने हा गुंता किती वाढवला, त्याची कल्पना यावी म्हणून दोनच नावं पुरेत. मे 2020मध्ये ‘सिव्हिलायझेशन 6’ फुकट मिळाला, डिसेंबर 2020मध्ये ‘सिटीज: स्कायलाइन्स’. दोन्ही गेम एक्स्पान्शनांशिवाय अर्धवट वाटतात, दोन्हींवर पुढे हजारो रुपये खर्च होऊ शकतात. मूळ गेम फुकट देण्यामागचा हिशोब उघड आहे: पुढची खरेदी त्याच दुकानात होणार. फुकटचं कोणाला नको असतं? पण जिथे मूळ गेम घ्याल तिथेच पुढची काही वर्षं पैसे घालावे लागतील, हे घेतानाच लक्षात ठेवलं तर बरं.

इथे एक घोटाळा कायम होतो तो सोडवू. दुकान आणि नोंदवही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग अशा अधिकृत विक्रेत्यांकडे बहुतेकदा गेम मिळत नाही, मिळते ती एक की. ती स्टीमची की असेल तर स्टीमवर टाकायची, आणि नोंद स्टीममध्ये होते. पॅराडॉक्ससारखी कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावरूनही स्टीमच्या की विकते. तेव्हा मूळ गेम थेट स्टीमवर, एक एक्स्पान्शन हंबलवरून आणि दुसरं पॅराडॉक्सकडून घेतलं, तरी सगळं नीट चालतं, कारण तिन्ही नोंदी एकाच वहीत पडल्या. मजा अशी, की अशा कीच्या विक्रीतून व्हॉल्व्ह वाटा घेत नाही. की प्रकाशकाला फुकट काढून देतं. म्हणजे खरेदीच्या पानावर ‘कोण विकतंय’ यापेक्षा ‘कुठे ॲक्टिव्हेट होईल’ ही ओळ शोधावी. ती बारीक अक्षरात असते, पण असते. अनोळखी लोकांनी विकायला काढलेल्या कीचा बाजार मात्र वेगळा. तिथे की दुसऱ्या देशापुरती असू शकते, चोरीच्या कार्डावर घेतलेली निघाली तर रद्द होऊ शकते, आणि मग दाद मागायला कोणी उरत नाही.

सगळ्यात कडक नियम पाहायचा तर ‘फायनल फँटसी 14’कडे बघावं. हा महिन्याची वर्गणी भरून खेळायचा ऑनलाइन गेम, स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा. खातं स्क्वेअर एनिक्सचं, सर्व्हर स्क्वेअर एनिक्सचे, पात्रं त्यांच्याच संगणकांवर साठवलेली. स्टीम इथे निव्वळ विक्रेता. तरीही तुम्ही विंडोजसाठीचा मूळ गेम स्टीमवर घेतलात, की त्या खात्यावरची विंडोजसाठीची पुढची सगळी एक्स्पान्शनं स्टीमवरचीच घ्यावी लागतात. कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून घेतलेलं ‘एंडवॉकर’ किंवा ‘डॉनट्रेल’ त्या खात्याला लागत नाही. उलटही तसंच: मूळ गेम कंपनीच्या दुकानातून घेतला असेल तर स्टीमच्या सेलकडे बघत बसायचं. दोन वर्षांनी एक एक्स्पान्शन येणार, म्हणजे पहिल्या दिवशी कुठल्या बटणावर क्लिक केलं याचं देणं दहा वर्षं फेडायचं. प्लेस्टेशनवर तेच पात्र खेळायचं असेल तर तिथला परवाना पुन्हा वेगळा. जुनी खेळाडू मंडळी नवख्याला शस्त्र कुठलं निवडावं हे नंतर सांगतात, आधी विचारतात की गेम कुठून घेणार आहेस. ‘गिल्ड वॉर्स 2’ ऑगस्ट 2022मध्ये स्टीमवर आला, तेव्हा जुन्या खेळाडूंची खाती स्टीमशी जोडता येत नव्हती आणि स्टीमवर उघडलेल्या खात्यांची एक्स्पान्शनं स्टीमवरच घ्यायची होती. तऱ्हा तीच.

‘डेस्टिनी 2’ने निदान अर्धी भिंत पाडली. बंजी कंपनीने ऑगस्ट 2019मध्ये ‘क्रॉस सेव्ह’ आणला, म्हणजे प्लेस्टेशनवर वाढवलेलं पात्र पीसीवर तसंच उघडायला लागलं, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला पीसीवरचा गेम बॅटल डॉट नेटवरून स्टीमवर हलवताना लोकांनी घेतलेलं सगळं फुकट पलीकडे नेऊन दिलं. पण दोन यंत्रांवर खेळायचं तर एक्स्पान्शन दोनदा घ्यायचं, हा नियम राहिला. सीझन, म्हणजे काही महिन्यांपुरता विकला जाणारा मजकूर, मात्र एकदा घेतला की सगळीकडे चालायचा. सीझनची परवानगी बंजीच्या वहीत, एक्स्पान्शनची परवानगी दुकानदाराच्या वहीत! एकाच गेममध्ये, एकाच खात्यावर, दोन विकत घेतलेल्या गोष्टी दोन तऱ्हेने वागतात, तेव्हा ‘तांत्रिक अडचण आहे’ हे उत्तर टिकत नाही.

टिकत नाही याचे पुरावे जुनेच आहेत. ‘मास इफेक्ट 2’ स्टीमवर विकला जायचा, पण त्याची एक्स्पान्शनं स्टीमवर नव्हतीच. ती बायोवेअरच्या खात्यावर पॉइंट विकत घेऊन मिळवायची. स्टीमवरच्या गेमची की त्या खात्यात नोंदवली की एक्स्पान्शन स्टीमवरच्या गेमला बिनतक्रार लागायचं. पॉइंटांचा तो प्रकार वैताग आणणारा होता, कारण हव्या तेवढ्या पॉइंटांचा गठ्ठा कधीच मिळायचा नाही. पण नोंद प्रकाशकाच्या वहीत असली तर दुकान कुठलंही चालतं, हे त्याने दाखवून दिलं. ‘माइनक्राफ्ट’च्या बेडरॉक आवृत्तीतही बाजारातून घेतलेला मजकूर मायक्रोसॉफ्टच्या खात्याबरोबर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो. मायक्रोसॉफ्टने 2016मध्ये आणलेल्या ‘प्ले एनीव्हेअर’ योजनेतले गेम एकदा घेतले की एक्सबॉक्सवर आणि विंडोजवर दोन्हीकडे चालतात. अर्थात दोन्ही दुकानं त्यांचीच. तोच मायक्रोसॉफ्टचा ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ स्टीमवर असला, तर एप्रिल 2022मधलं ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेऊन तिथे चालत नाही. स्टीमवाला आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवाला एकमेकांशी लढू शकतात. एकाने घेतलेले बंगाली, द्रविड आणि गुर्जर दुसऱ्याच्या फौजेवर चालून जातील. दोन्हीकडे एकच माणूस असेल तर मात्र त्याने ते दोनदा विकत घ्यायचे.

‘मेट्रो एक्सोडस’चा किस्सा तर या सगळ्याचा कस लावणारा. जानेवारी 2019च्या अखेरीस, गेम यायला अडीच आठवडे असताना, प्रकाशकाने जाहीर केलं की पीसीवर तो वर्षभर फक्त एपिकवर मिळेल. स्टीमवर आधीच पैसे भरून बसलेल्यांचं काय? त्यांना गेम स्टीमवरच मिळेल आणि पुढची एक्स्पान्शनंही स्टीमवरच मिळतील, असं सांगण्यात आलं. मूळ गेम स्टीमवर नव्याने विकला जात नव्हता आणि तरी त्याची एक्स्पान्शनं स्टीमवर मिळत होती, अशी चमत्कारिक स्थिती वर्षभर राहिली. त्यात आडमुठेपणा केला असता तर आधीच संतापलेले ग्राहक कोर्टात गेले असते. म्हणून मार्ग निघाला. बेथेस्डाने मे 2022मध्ये आपला स्वतःचा लाँचर बंद केला, तेव्हाही त्यावरचे गेम एक्स्पान्शनांसकट स्टीमवर फुकट हलवून दिले. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने जून 2020मध्ये ‘विचर 3’ दुसऱ्या दुकानातून घेतलेला असला तरी त्याची एक प्रत गॉगवर फुकट दिली आणि डिसेंबर 2022च्या मोठ्या अद्ययावतीत सेव्ह फायली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचीही सोय केली. गॉगवर घेतलेलं एक्स्पान्शन स्टीमवरच्या ‘विचर 3’ला मात्र लागत नाही. एवढी उदार कंपनीसुद्धा तिथे थांबते.

का थांबते, तर पैशासाठी. स्टीम विक्रीतले 30 टक्के घेतं. 2018च्या अखेरीपासून एखाद्या गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे गेली तर पुढच्या रकमेवर 25 टक्के, आणि पाच कोटींच्या पुढे 20 टक्के. एपिक आलं ते 12 टक्क्यांची दवंडी पिटत. आता समजा, लोकांनी मूळ गेम स्टीमवर घेतला आणि एक्स्पान्शनं सगळी एपिकवर घेतली. डाउनलोडचा खर्च, पॅच पोचवणं, सेव्ह फायली सांभाळणं हे स्टीमच्या गळ्यात आणि कमिशन एपिकला. कुठला दुकानदार हे चालू देईल? प्रकाशकाला 18 टक्के जास्त मिळतील हे खरं, पण स्टीमशी वाकडं घेऊन पीसीवर धंदा करणं सोपं नाही. शिवाय पॅच प्रत्येक दुकानात वेगळ्या दिवशी पोचतो. मूळ गेम एका आवृत्तीवर आणि एक्स्पान्शन दुसऱ्या आवृत्तीवर असली जोडगोळी तपासायला माणसं लागतात, आणि ते काम कोणाला नको असतं. सिम्स 3च्या 1.67 आणि 1.69ने ही भीती पोकळ नाही हे दाखवलंच आहे. माझ्या मते या कारणाला वजन आहे, पण पहिल्याइतकं नाही.

कन्सोलवर तर दुकान एकच असतं, मग तिथे प्रश्न नसावा असं वाटेल. तिथे तो देशांच्या सीमेवर उभा राहतो, आणि इथे आपल्याकडच्या घरांचा खराखुरा संबंध येतो. न्यू जर्सीतला मामा पुण्यातल्या भाच्यासाठी प्लेस्टेशनची डिस्क घेऊन येतो. प्लेस्टेशन 4 आणि 5 कुठल्याही देशाची डिस्क चालवतात, त्यामुळे गेम झकास चालतो. मग भाचा आपल्या भारतीय खात्यातून त्याचं एक्स्पान्शन घेतो. पैसे जातात, डाउनलोड होतं, आणि गेममध्ये काहीच दिसत नाही. कारण सोनी एकाच गेमच्या अमेरिकी, युरोपीय आणि आशियाई आवृत्त्यांना वेगवेगळे क्रमांक देते. प्लेस्टेशन 4च्या डिस्कवर हा क्रमांक ‘सीयूएसए’ या अक्षरांनी सुरू होतो, 5वर ‘पीपीएसए’ने. एक्स्पान्शन त्या क्रमांकाला बांधलेलं असतं. भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या बहुतेक डिस्क युरोपच्या गटातल्या असतात आणि भारतीय स्टोअरही त्याच गटाला धरून आहे. दुबईच्या बाजारात दोन्ही गटांचा माल मिळतो, त्यामुळे तिथून कोणी डिस्क आणणार असेल तर कव्हरवरचा वयोगटाचा शिक्का बघायला सांगावं. ‘पेगी’ असा शिक्का असेल तर युरोपचा माल, ‘ईएसआरबी’ असेल तर अमेरिकेचा. अमेरिकी डिस्क आलीच तर अमेरिकी खातं काढून तिथलं एक्स्पान्शन घेता येतं, पण भारतीय कार्ड तिथे सहसा चालत नाही, म्हणजे पुन्हा मामालाच गिफ्ट कार्ड पाठवायला सांगायचं. निन्टेन्डो स्विचचीही रीत अशीच आहे.

भाड्याच्या गेमची तऱ्हा आणखी वेगळी. एक्सबॉक्स गेम पासमध्ये मूळ गेम वर्गणीत मिळतो, एक्स्पान्शन बहुधा वेगळं विकत घ्यायचं असतं. गेम यादीतून निघाला की मूळ गेम जातो. एक्स्पान्शन तुमचं राहतं, पण नुसतं राहतं. ते वापरायचं तर मूळ गेम मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावा लागतो, स्टीमवर तो निम्म्या किमतीत असला तरी उपयोग नाही. ‘फोर्झा होरायझन 4’ डिसेंबर 2024मध्ये विक्रीतून कायमचा निघणार होता, म्हणजे नंतर विकत घ्यायचीही सोय नव्हती. तेव्हा पासवर खेळणाऱ्या आणि एक्स्पान्शन विकत घेतलेल्या वर्गणीदारांना मायक्रोसॉफ्टने मूळ गेमचा कोड दिला. चांगलं केलं. दर वेळी असं होईल यावर विसंबून मात्र राहू नये.

दुकानच बंद पडलं तर काय होतं, हे ‘फॉलआउट 3’ने दाखवलं. 2009मध्ये त्याची पाच एक्स्पान्शनं पीसीवर आली ती मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ या दुकानातून. ते दुकान ऑगस्ट 2013मध्ये बंद झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं गेम मात्र मेलेल्या दुकानाच्या फायली शोधत राहिला. त्या काळी एक्स्पान्शन म्हणजे खरोखरच्या फायली असायच्या, म्हणून लोक ‘एक्सलाइव्ह’ नावाच्या आडबाजूच्या फोल्डरमधून त्या उचलून गेमच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये टाकायचे, की गेमला त्या सापडायच्या. बेथेस्डाने स्टीमवरच्या आवृत्तीतून ती जुनी भानगड काढून टाकली ती ऑक्टोबर 2021मध्ये. एक्स्पान्शन जर केवळ सर्व्हरवरची एक नोंद असती, तर उचलायला काही उरलंच नसतं. 2022मध्ये युबिसॉफ्टने जुन्या गेमच्या ऑनलाइन सेवा बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा ‘ॲसॅसिन्स क्रीड 3’च्या मूळ आवृत्तीसारख्या गेमची विकत घेतलेली एक्स्पान्शनंही मिळणार नाहीत असं त्यात होतं, आणि ओरड झाल्यावर 1 सप्टेंबरची मुदत महिन्याने पुढे गेली. एक्सबॉक्स 360चं दुकान जुलै 2024मध्ये मिटलं. निन्टेन्डो 3डीएस आणि वी यूचं मार्च 2023मध्ये. याबाबतीत गॉगचा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: एक्स्पान्शनची स्वतंत्र इन्स्टॉलर फाइल मिळते, ती हार्ड डिस्कवर ठेवून द्यायची, गॉगच्या मूळ गेमवर केव्हाही बसवायची. कोणाला विचारायला जायचं नाही.

कायदा या विषयात अजून उंबरठ्यावर आहे. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हवर खटला भरला आणि 2019मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने डिजिटल गेम पुन्हा विकता यायला हवेत असा निकाल दिला. 2022मध्ये अपिलात तो फिरला. कॅलिफोर्नियाचा कायदा 1 जानेवारी 2025पासून लागू झाला. त्यानुसार ‘खरेदी करा’ असं बटण दाखवणाऱ्याला, ग्राहक प्रत्यक्षात परवाना घेतोय हे स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमने ऑक्टोबर 2024पासूनच तशी ओळ दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडे 2020चे ई-कॉमर्स नियम आहेत आणि भारतातल्या ग्राहकांना नियमित विक्री करणाऱ्या परदेशी दुकानांनाही ते लागू आहेत. खरेदीचा निर्णय घ्यायला लागेल ती माहिती आधी द्या, असं ते सांगतात. स्टीम नोव्हेंबर 2015पासून रुपयांत विकतंय, तेव्हा परक्या देशाचा माल म्हणून हात झटकायला जागा नाही. ‘मूळ गेम याच दुकानातला हवा’ ही ओळ किमतीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात छापायला काय हरकत आहे? स्टीमच्या पानावर तरी मूळ गेम ‘स्टीमवरचा’ लागेल अशी सूचना असते.

ज्या कंपनीचं स्वतःचं खातं आहे, त्यात लॉग-इन केल्याशिवाय जी गेम सुरूच होऊ देत नाही, तिने एक्स्पान्शन पुन्हा विकत घ्यायला लावणं ही निव्वळ दुहेरी वसुली आहे. स्क्वेअर एनिक्स, युबिसॉफ्ट, बंजी या सगळ्यांना हे लागू पडतं. लहान स्टुडिओंची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे अशी वही नसते आणि ती सांभाळायची ऐपतही नसते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

हे बदलेपर्यंत आपलं आपण सांभाळायचं. चुकीच्या दुकानातून एक्स्पान्शन घेतलं गेलंच तर आधी त्यासोबत प्रकाशकाचा सीरियल नंबर आलाय का ते बघा, जुन्या गेमच्या बाबतीत तेवढ्याने काम होऊन जातं. नसेल तर परतीची मुदत चालू असेपर्यंतच हालचाल करा. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवस, आणि एक्स्पान्शन घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला पाहिजे. गॉगवर 30 दिवस. सोनीकडे 14 दिवस, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क गेला, तेव्हा क्रमांक जुळतोय का हे त्याआधीच बघायचं. दुकान दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.